साठ हजारात घरची गाय: अठरा लिटरच्या मागे लागू नका

भांडुपहून एका ताईंचं पत्र आलंय. जरा मोठं आहे, थोडक्यात देते. नवरा कुरिअरच्या कामाला, दोन मुलं, नऊ आणि सहा वर्षांची. सासू-सासरे शहापूर तालुक्यात गावी, दीड एकर भातशेती, विहीर आहे, बैल विकल्यापासून गोठा रिकामा. गावात आता सगळ्यांकडे पिशवीचंच दूध येतं आणि सासूबाईंना ते आवडत नाही, त्यांची इच्छा आहे की घरात परत एक गाय असावी, लहानपणी माहेरी धार काढायची सवय होती त्यांना. ताईंनी साठवून साठवून ६० हजार जमवलेत. व्हॉट्सअ‍ॅपवर एक जण दिवसाला १८ लिटर देणारी एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन, विदेशी जातीची) गाय ५५ हजारात देतो म्हणतोय, व्हिडिओ पाठवलाय, पाच हजार अ‍ॅडव्हान्स आजच्या आज मागतोय. नवऱ्याचं म्हणणं देशी गीर घेऊ, ए-टू दूध (ए-टू प्रकारच्या प्रथिनाचं, जास्त चांगलं म्हणून विकतात ते) मिळेल. आणि शेजारीण म्हणते गावाला कशाला, इथेच चाळीच्या मागे डोंगराकडे मोकळी जागा आहे तिथे बांधा, रोज ताजं दूध. "मला गाईतलं काहीच कळत नाही, पैसे परत जमवायला तीन वर्षं लागतील, काय करू?"

ताई, आधी ते पाच हजार. देऊ नका. गाय न बघता, हात न लावता, एक रुपया द्यायचा नाही, मग तो माणूस कितीही गोड बोलो आणि दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणो. खरोखर १८ लिटर देणारी, निरोगी, गाभण राहणारी एचएफ ५५ हजारात कोणी सोडत नाही, तिला लाखाच्या आसपास सहज मिळतात. स्वस्त आहे म्हणजे काहीतरी आहे. कासेचा एक सड बंद असेल, किंवा पुन्हा पुन्हा भरवूनही उलटत असेल, म्हणजे गाभण राहत नसेल, किंवा व्हिडिओतली गाय त्या माणसाची नसेलच. आणि समजा सगळं खरं निघालं तरी १८ लिटरची गाय तुमच्या घराची नाही. तिला तेवढी पेंड लागते, तेवढा हिरवा चारा लागतो, उन्हाळ्यात ती धापा टाकते, आणि सासूबाईंनी दोन वेळा मिळून १८ लिटर हाताने पिळायचं म्हणजे त्यांची बोटं राहणार नाहीत.

भांडुपचं पण लगेच सांगून टाकते. नको. शहरी भागात गुरं पाळायला १९७६ च्या कायद्याप्रमाणे लायसन्स लागतं, आणि चाळीमागच्या जागेत ते मिळणार नाही. मुंबईतले तबेले वस्तीतून बाहेर नेण्यासाठीच तर १९४९ मध्ये आरे कॉलनी उभी राहिली. शिवाय शेण कुठे टाकणार, वैरण कुठून आणणार, गाय मोकळी सुटली आणि कचऱ्यातलं प्लास्टिक खाल्लं तर पोटात गोळा होतो आणि मग ऑपरेशनशिवाय इलाज नसतो. परळच्या जनावरांच्या दवाखान्यात पोटातून काढलेलं प्लास्टिक ज्याने एकदा पाहिलं तो रस्त्याकडेला गाय बांधायचा विचार परत करत नाही. गाय गावालाच बरी, सासूबाईंच्या हाताखाली.

आता गावाचं. मी पशुवैद्यक म्हणून ठाणे जिल्ह्यातच नोकरी केली, शहापूर-मुरबाडचे गोठे मला माहीत आहेत, म्हणून गाईच्याही आधी एक गोष्ट विचारते, पाण्याची. दूध देणारी गाय दिवसाला ६०-७० लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त, गोठा धुवायचं वेगळं. तानसा, भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली, मुंबईच्या नळाला तिथलं पाणी येतं, आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट बघत बायका हंडे घेऊन बसतात. मला याचा फार त्रास होतो पण तो विषय वेगळा. तुमच्या घरची विहीर मे महिन्यात तळ गाठते का, हे सासऱ्यांना स्पष्ट विचारा. गाठत असेल आणि पाणी लांबून डोक्यावर आणायचं असेल तर गाय घेऊ नका, दोन शेळ्या घ्या. हे मी मनापासून सांगतेय, कारण तो हंडा शेवटी सासूबाईंच्याच डोक्यावर येणार आहे.

पाणी आहे असं धरून पुढे जाऊ.

गीर चांगली गाय आहे, त्यात वाद नाही. पण खरी, दुधाची गीर तुमच्या बजेटात बसत नाही. ४० हजारात गीर म्हणून जे दाखवतात ते बहुतेक कान लांब आणि कपाळ फुगीर असलेलं मिश्र जनावर असतं, नाहीतर दिवसाला तीन लिटरवर अडकलेली असते. वासरू दगावलं तर कितीतरी गिरी पान्हा चोरतात, म्हणजे दूध सोडत नाहीत, आणि नवख्या माणसाच्या हाताला तर नक्कीच. ए-टू म्हणाल तर आपल्या बहुतेक देशी गाईंचं दूध ए-टूच असतं, म्हशीचंही असतं, त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही आणि त्याने आजार बरे होतात वगैरे दावे अजून पक्के सिद्ध झालेले नाहीत. नवऱ्याला देशीच हवी असेल तर डांगी बघा. तुमच्या भागाचीच गाय, इगतपुरी-अकोले तालुक्यांपासून शहापूर-मुरबाडपर्यंत धो धो पावसात टिकणारी, तिच्या कातडीवर तेलकटपणा असतो, पाणी अंगात मुरत नाही, खूर काळे आणि कडक, चिखलात सडत नाहीत. दूध मात्र दोन-तीन लिटर. किंमत कमी, खर्च कमी, आजारपण कमी. फक्त घरापुरतं दूध हवं आणि विकायची भानगड नको असेल तर डांगीसारखी गाय नाही, आणि गोऱ्हा झाला तरी भाताच्या चिखलणीला कामाचा.

पण तुमच्या पत्रावरून मला वाटतं की पेंडीचा खर्च दुधातून निघावा अशी अपेक्षा आहे, आणि ती बरोबर आहे. मग जर्सी संकरित. एचएफपेक्षा लहान, सव्वातीनशे-साडेतीनशे किलोची, खायला कमी, ऊन जास्त सोसते, दुधाला फॅट चांगली म्हणजे सासूबाईंना हवी ती जाड साय मिळेल. सहा ते आठ लिटरवाली बघा, त्याच्या पुढे जाऊ नका.

आता खरी गोष्ट, बजेट कमी असलेल्या प्रत्येकाला मी हीच सांगते. सगळे जण ताजी व्यालेली गाय शोधतात, कास भरलेली, वासरू बाजूला, आणि तिची किंमत त्याच वेळी सगळ्यात जास्त असते. तुम्ही ती शोधू नका. तुम्ही शोधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची (दोन-तीनदा व्यालेली), व्याल्याला पाच-सहा महिने झालेली आणि डॉक्टरांनी तपासून तीन महिन्यांची गाभण सांगितलेली. हिचं दूध उतरलेलं असतं, आठाचं पाच-साडेपाच झालेलं असतं, म्हणून डेअरीवाल्या शेतकऱ्याला ती नकोशी होते आणि किंमत पडते. तुम्हाला मात्र सगळं मिळतं, स्वभाव दिसतो, दूध दिसतं, ती गाभण राहते हे सिद्ध झालेलं असतं, अजून चार महिने घरापुरतं दूध, मग दोन महिने आटवायची, आणि मग तुमच्याच गोठ्यात वासरू आणि पूर्ण दूध. दिवाळीनंतर घेतली तर गुढीपाडव्याच्या पुढेमागे आटेल, मे मध्ये व्याईल आणि जूनमध्ये हिरवं गवत सुरू झालं की दूध भरात असेल. चाऱ्याची टंचाई असते त्याच दिवसात ती भाकड, म्हणजे पेंडीचा खर्चही त्याच दिवसात कमी. फक्त व्यायच्या आधीच्या पंधरा-वीस दिवसांत पेंड हळूहळू वाढवायची.

पहिलारू कालवड घेऊ नका, स्वस्त दिसते पण धारेला सवय नसते, लाथा मारते, सासूबाईंचे गुडघे दुखतात असं तुम्हीच लिहिलंय. आणि दूध बंद असलेली आठ महिन्यांची गाभण पण नको, कारण तिच्या सडातून काय येतं ते तुम्हाला विकत घेतल्यावर कळणार.

बाजारातून घेऊ नका. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या यात्रेला पौष पौर्णिमेला जा, सासऱ्यांना घेऊन जा, जनावरं बघा, भाव ऐका, डोळा तयार होतो. घोडेगाव, लोणीचे बाजार मोठे गोठेवाले करतात. पण पहिली गाय घरातून घ्यावी, २५-३० किलोमीटरच्या आतल्या माणसाकडून, ज्याच्याकडे उद्या तक्रार घेऊन जाता येईल. ती सापडते कशी? गावच्या दूध संकलन केंद्रावर जो दुधाची फॅट मोजतो त्याला विचारा, आणि जो कृत्रिम रेतन करायला फिरतो त्याला विचारा. कोणाची गाय किती दूध घालते, कोणाची किती वेळा उलटली, कोणाच्या घरात आता कोणी करणारं नाही म्हणून गुरं कमी करायचीत, हे या दोघांना तोंडपाठ असतं. 

गाय बघायला सासूबाईंना नेलंच पाहिजे. धार त्या काढणार, त्यांनीच बसून बघायची. संध्याकाळी पोचा आणि शक्य असेल तर मुक्काम करा. विकणारे काय करतात, आदल्या धारेला दूध काढतच नाहीत, कास तुंबवून ठेवतात, मग तुमच्यासमोर सात लिटर निघतं आणि तुम्ही खूश. म्हणून पहिली धार मोजायचीच नाही, ती फक्त पूर्ण रिकामी करून घ्यायची, आणि पुढची सकाळची आणि संध्याकाळची मिळून खरा आकडा. धारेआधी पान्ह्याचं इंजेक्शन मारू द्यायचं नाही, कोमट पाण्याने कास धुवा, जरा चोळा, वासरू लावा, गाय आपोआप पान्हावली पाहिजे.

धारेच्या वेळी चारही सडांची पहिली चिळकांडी काळ्या कपड्यावर किंवा काळ्या ताटलीत घ्या, प्रत्येक सडाची वेगळी. गाठी, दह्यासारखे तुकडे, पाणचट रंग, रक्ताची लाली, काहीही दिसलं तर थांबा. दूध काढून झाल्यावर कासेला हात लावा, ती रिकाम्या पिशवीसारखी सैल पडायला हवी, सुरकुत्या पडल्या पाहिजेत. धारेनंतरही एखादा भाग कडक, मांसल, भरल्यासारखा लागला तर तिथे जुनी काससुजी होऊन गेलीय, तो सड कधी ना कधी जाणार. सडांची लांबी सासूबाईंच्या मुठीला येते का बघा, फार आखूड सड असले की चिमटीने काढावं लागतं आणि बोटं दुखतात. आणि त्या बसल्यावर गाय काय करते ते बघा. मान वळवून बघेल, जरा सरकेल, ते चालतं. पाय झाडत असेल, मालक आधीच मागचे पाय बांधत असेल, तर नमस्कार करून निघा, दूध कितीही असो.

दात सासऱ्यांना बघता येतील, बैल केलेत त्यांनी. सहादाती किंवा नुकतीच जुळलेली (आठही दात आलेली), म्हणजे साधारण चार-पाच वर्षांची. दात झिजलेले असतील आणि मालक दुसरं वेत म्हणत असेल तर तो बाकीचंही खोटं सांगत असणार. चालवून बघा, लंगडते का. रवंथ करते का, शेण नीट पडतं का, नाकपुडी ओली आहे का, गोचीड किती आहेत. लंपी या गाठींच्या त्वचारोगाचे जुने डाग असतील तर तेवढ्यावरून नाकारू नका, बरी होऊन दूध देत असेल तर चालते. कानातला टॅग बघा, १२ आकडी नंबर असतो, त्यावरून लसीकरण आणि रेतनाची नोंद निघते, पशुधन पर्यवेक्षक काढून देतील. टॅग नाही तर व्यवहार नाही.

आणि सौदा ठरला तरी पैसे देण्याआधी डॉक्टर तुमचे आणा, विकणाऱ्याचे नाहीत. गाभण तपासणी आतून हात घालूनच करायला सांगा. रक्त ब्रुसेलोसिससाठी (सांसर्गिक गर्भपाताच्या आजारासाठी) द्या, क्षयाची टेस्ट पण करून घ्या. हे दोन्ही आजार गाईचे माणसाला होतात, घरात लहान मुलं आहेत. टेस्टला हजार-दोन हजार गेले तर जाऊ द्या. मालक टेस्टला नाही म्हणाला तर उत्तर मिळालं असं समजा. आणि टेस्ट चांगली आली तरी दूध उकळूनच प्यायचं, धारोष्ण वगैरे नको, मुलांना तर अजिबात नको.

पैशाचं असं करा. ६० मधले गाईला ४० च्या वर जाऊ नका, ३८ ला मिळाली तर उत्तम. तपासणी, टेम्पो आणि विमा यांना पाच-सहा हजार धरा. गोठा जुना आहे म्हणता, तर गव्हाण नीट करा, जमिनीला मुताचा उतार द्या, पत्रे गळत असतील ते बदला, तीन-चार हजार. उरलेले १० हजार वेगळ्या डब्यात. ते पेंडीचे आणि अडीअडचणीचे, त्याला हात लावायचा नाही. मी बघितलंय, लोक सगळे पैसे गाईत घालतात, आणि मग तिसऱ्या महिन्यात पेंड बंद होते, दूध उतरतं, गाय माजावर येत नाही, आणि वर्षभरात निम्म्या किमतीला विकतात. गाय चांगली होती, उपाशी ठेवली.

रोजचा हिशोब साधारण असा येतो. पाच-सहा लिटरच्या गाईला तीन-साडेतीन किलो पेंड म्हणजे दिवसाला शंभराच्या आसपास, वर खनिज मिश्रण ५० ग्रॅम, ते रोज द्या कारण नुसत्या भाताच्या पेंढ्यात काही दम नसतो, कॅल्शियम तर फारच कमी पडतं. घरात दोन लिटर ठेवून बाकीचं विकलं, डेअरीला लिटरला ३०-३५ मिळतात, शेजारी घरोघर घेतात ते ५० पर्यंत देतात, म्हणजे पेंड सुटते. नफा नाही. भाकड दोन महिने खिशातून, तेच ते डब्यातले पैसे. सासऱ्यांना सांगा यंदाचा पेंढा विकू नका, आणि विहिरीजवळ पाचेक गुंठ्यांत संकरित नेपिअर गवत लावा, कांड्या कोणीही शेजारी देतो, एका गाईला पुरतो. बांधावर शेवरी, सुबाभूळ लावा.

गोऱ्हा झाला तर काय, हे पण आत्ताच घरात बोलून ठेवा. जर्सीचा गोऱ्हा शेतीला फारसा कोणी घेत नाही आणि २०१५ पासून आपल्याकडे गोवंश हत्याबंदी आहे, म्हणजे तो तुमच्याकडेच राहील किंवा कोणालातरी फुकट द्यावा लागेल. पुढच्या वेळी भरवताना लिंगनिर्धारित वीर्यमात्रा मागा, सरकारी दवाखान्यात चौकशी करा, त्याने बहुतेक वेळा कालवडच होते.

आणताना सकाळी लवकर आणा, टेम्पोत खाली पेंढा टाका, आणि मालकाकडून आठवडाभराची त्याचीच पेंड आणि वैरण विकत घेऊन या. नवीन खाणं एकदम सुरू केलं की पोट बिघडतं. पहिले आठ-दहा दिवस दूध कमी होईल, घाबरू नका आणि विकणाऱ्याशी भांडू नका, नवीन जागा आहे, ती बावरते, आधीचं वासरू मागे राहिलं असेल तर हंबरतेही. सासूबाईंना सांगा तिच्याजवळ बसा, अंगावरून हात फिरवा, धारेची वेळ ठरलेली ठेवा. आणि एक गोष्ट फार कळकळीने सांगते, सणावारी गाईला शिजवलेला भात, पुरणपोळ्या, पिठाचे गोळे भरभरून घालू नका. घास द्या, टोपलं नाही. पोटात आम्ल होतं, गाय बसते आणि बरेचदा उठत नाही. लोक भक्तीने घालतात आणि गाय मरते, दरवर्षी बैलपोळा-दिवाळीला अशा केसेस यायच्या, आणि ते घर मग रडत असतं. अचानक काही झालं तर १९६२ ला फोन करा, जनावरांच्या दवाखान्याची गाडी येते. हा नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

भांडुपला दूध आणायचं असेल तर गावीच रात्री उकळून, पूर्ण गार करून, स्टीलच्या बरणीत सकाळच्या लोकलने. आसनगावहून येईपर्यंत मे महिन्यात कच्चं दूध फाटतंच. खरं तर दुधापेक्षा तूप आणा, ते टिकतं आणि मुलांना वर्षभर पुरतं.

तर आता त्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्याला नको म्हणून कळवा आणि सासऱ्यांना विहिरीचं विचारा. भात कापून होईपर्यंत वेळ आहे, घाई कसलीच नाही. गाय नजरेत आली की दात किती, वेत कितवं, गाभण किती महिन्यांची आणि लागोपाठ दोन धारांचं दूध किती निघालं एवढं लिहून पाठवा, पैसे देण्याच्या आधी, मी बघून लगेच उत्तर देते.